सरकतं सोनं

पहारेचं टोक मातीत शिरलं आणि कशालाच न लागता आत गेलं. हिंदुरावांनी पहार उपसली आणि वीतभर बाजूला पुन्हा खुपसली. तिथंही नुसती माती. गव्हाणीपासून हातभर, दावणीच्या खुंटीच्या सरळ ओळीत, अशी जागा त्यांनी स्वतः धरली होती. पॉवरहाऊसात फिटर म्हणून उभा जन्म घालवलेला माणूस. जागा धरताना त्यांची चूक होत नसे.

गाय बाहेर लिंबाखाली बांधली होती. बायको, जाईबाई, बाजाराला गेली होती. भर दुपारची वेळ. उंब्रजच्या हमरस्त्यावरून एखादा ट्रक गेला की तेवढाच आवाज, बाकी सगळा गाव ऊन टाळून घरात बसलेला. हिंदुराव गुडघ्यावर बसले आणि हातांनी माती ओढू लागले.

डबा सापडला, पण ठेवला होता तिथं नाही. भिंतीच्या बाजूला, चांगला हातभर सरकून होता. पितळेचा फिरकीचा डबा, झाकणावरून तार घेऊन पकडीनं पीळ मारलेला. पीळ त्यांचाच होता. तार कुणी उलगडून पुन्हा वळली असती तर तिच्यावर पकडीच्या दातांची दुसरी खूण उमटली असती. तशी खूण नव्हती. त्यांनी डबा कानाशी धरून हलवला. आतलं सोनं जडपणानं एका कडेवरून दुसऱ्या कडेवर गेलं.

भिंतीपलीकडं धाकट्या भावजयीच्या, रंगूबाईच्या घरात जात्याची घरघर चालू होती. ती थांबली. हिंदुरावही थांबले. जातं पुन्हा सुरू झालं तसा त्यांनी डबा जुन्या जागी पुरला, माती दाबली, वरून शेणाचा हात फिरवला आणि गाय आत आणून बांधली.

हिंदुराव कोयनेहून निवृत्त होऊन आले तेव्हा फंडाचं काय करायचं हे त्यांचं ठरलेलं होतं. अर्धा पोस्टात ठेवायचा आणि अर्ध्याचं सोनं घ्यायचं. लोकांनी वेगवेगळं सांगून बघितलं. कुणी म्हणालं ऊस लावा, कुणी म्हणालं हमरस्त्याला गाळा बांधा. हिंदुराव ऐकून घेत आणि मान हलवत. एके दिवशी एसटीनं सांगलीला जाऊन सराफकट्ट्यावर बसले. नुसती लगड घरात ठेवायला कायद्यानं बंदी होती, म्हणून दागिने घेतले. पुतळ्यांची माळ आणि पाटल्यांचा जोड, दोन्ही नक्षी कमी आणि वजन जास्त असलेलं. दुकानदार म्हणाला, बाईंना घेऊन यायचं होतं, त्यांच्या पसंतीनं झालं असतं. हिंदुराव म्हणाले, "घालायला न्हाई घेत."

सोन्याचं त्यांच्या मनानं घेतलं होतं ते कोयनेच्या भूकंपात. डिसेंबरातल्या त्या पहाटे ते पाळीवर, डोंगराच्या पोटातल्या पॉवरहाऊसात होते. वर आले तेव्हा वसाहत ओळखू येत नव्हती. दिवस उजाडला तशी माणसं ढिगारे उपसू लागली. आधी माणसं शोधली आणि मग कागद. पोस्टाची पुस्तकं, विम्याचे कागद, जमिनीचे उतारे, सगळ्याचा दहिवरात आणि चिखलात लगदा झाला होता. एका म्हातारीला त्यांनी स्वतः बाहेर काढलं. ती गेलेली होती. गळ्यातली बोरमाळ धुळीनं पांढरी पडली होती. का कोण जाणे, हिंदुरावांनी एका मण्यावरून अंगठा फिरवला, आणि तो मणी असा चमकला, जणू काही झालंच नव्हतं. जाईबाई त्या दिवशी उंब्रजला होती म्हणून वाचली. पण पुढं कित्येक वर्षं हिंदुरावांना तो मणीच आठवत राहिला.

सांगलीहून आलेली माळ जाईबाईनं एका संध्याकाळी गळ्यात घातली, आरशात पाहिलं आणि काढून ठेवली.

"कुणाला ठिवायचं हे?" तिनं विचारलं.

"आपल्याला. म्हातारपनाला."

"आपल्या मागं कोन हाय?"

त्यांना मूलबाळ नव्हतं. भिंतीच्या अल्याड-पल्याड दोन्ही घरांत मिळून एकच लेकरू होतं. ते म्हणजे नाथाजीची बनू, आणि ती आता लग्नाला आली होती.

नाथाजी हिंदुरावांचा धाकटा भाऊ. पलटणीत होता. एकाहत्तरच्या लढाईवर गेला, आणि लढाई संपल्यावर त्याच्याबद्दल तार आली. तारेत तो मेला असं नव्हतं, बेपत्ता आहे असं होतं. त्याला आता पाचवं वर्ष चालू होतं. मयत समजावं असा कागद साताऱ्याहून येऊन पडला होता. त्यावर रंगूबाईचा अंगठा उठला की पेन्शन सुरू होणार होती. रंगूबाई अंगठा देत नव्हती. लोकांच्या उसात तण काढायला, भांगलायला जायची, कपाळाला ठसठशीत कुंकू लावायची. हिंदुराव सुगीला ज्वारीचं पोतं तिच्या दारात टाकून यायचे, वरचेवर गूळ-डाळ पाठवायचे. त्यांच्या मते एवढं पुरेसं होतं. बाईनं अंगठा दिला तर तेवढ्याचीही गरज पडणार नव्हती.

त्या संध्याकाळी ताटावर बसताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "गोठ्यात कोन गेलं हुतं?"

"गाय," जाईबाई म्हणाली.

"तिच्याबिगर."

तिनं भाकरी तव्यावर टाकली, कडेनं पाणी फिरवलं. "का? जागा सोडली व्हय त्यानं?"

हिंदुरावांनी तिच्याकडं पाहिलं. तिची पाठ होती.

"माजी आज्जी म्हनायची," ती म्हणाली, "पुरल्यालं धन सरकतंय. ज्येचं असंल त्येच्याकडं जातंय. लय अडवून धरलं तर कोळसा हुतोय त्येचा."

"पान्याला उतार असतोय," हिंदुराव म्हणाले. "सोन्याला कसला आलाय उतार?"

पण त्यांना घास नीट गेला नाही.

पुढच्या आठवड्यात जाईबाई देवाला गेलेली पाहून त्यांनी पुन्हा उकरलं. डबा पुन्हा भिंतीकडं सरकला होता, मागच्यापेक्षा पुढं. त्यांनी स्वतःला समजावलं. कोयनेकडचे धक्के अजून अधूनमधून बसतात, फडताळातली भांडी वाजतात. जमीन हलली की जड वस्तू सरकत असेल. गाईच्या खुरांनी माती दबत असेल. कारणं सगळी पटण्यासारखी होती. फक्त ती एकाच दिशेला का लागू पडत होती, हे त्यांना सांगता येत नव्हतं. त्या भिंतीपलीकडं रंगूबाईची चूल होती.

मग बनूला बघायला वाळव्याकडचे पाहुणे आले. मुलाचा चुलता आप्पासो हा वजनदार माणूस. बोलणं कमी आणि मोजकं. बैठक हिंदुरावांच्या सोप्यात बसली, कारण रंगूबाईच्या घरात कर्ता पुरुष नव्हता. पोरगी पसंत पडली. पानसुपारी फिरली. सुपारी कातरता कातरता आप्पासो म्हणाले,

"देन्याघेन्याचं आमचं काय आडलं न्हाई. पोरीच्या अंगावर काय घालायचं त्ये तुमचं तुमी बगा. पर एक इचारतो, राग मानू नगा. पत्रिकेत पोरीच्या बापाचं नाव कसं घालायचं?"

"कसं म्हंजे?" हिंदुराव म्हणाले.

"नावाच्या मागं काय लावायचं? मांडवात बाप नसंल तर नसंल. लढाईत गेलेल्या मानसाची पोर, आमाला अभिमानच हाय. पर हाय का न्हाई, तेवडं तरी सांगा."

माजघराच्या दाराआड बांगड्या वाजल्या.

"हायती," आतून रंगूबाईचा आवाज आला.

आप्पासोंनी अडकित्ता खाली ठेवला. "कुठं, बाई?"

"वाटंत."

पाहुणे चहा पिऊन गेले. कळवतो म्हणाले. ते गेल्यावर हिंदुरावांचा तोल सुटला. थोरला दीर म्हणून रंगूबाई त्यांच्यासमोर कधी येत नसे. दाराआडच उभी असायची. ते दाराकडं बघूनच बोलले.

"पोरीचं वाटूळं करनार हायेस तू. एक अंगठा द्यायचा, दुसरं काय हाय? पेन्शन यील, लगीन हुईल, सगळं मार्गी लागंल."

दाराआडून ती म्हणाली, "लढाईत मारलं का न्हाई त्ये ठावं न्हाई, दादा. पर अंगठा दिला की मीच मारलं म्हनायचं त्यांना."

जाईबाईनं नवऱ्याकडं पाहिलं आणि ती आत निघून गेली. बनू मागल्या दारी कपबश्या विसळत होती. तिनं मान वर केली नाही.

त्यानंतर हिंदुरावांनी गोठा उकरला तेव्हा डबा भिंतीच्या पायाच्या दगडाला जाऊन टेकला होता. यापुढं सरकायला दगड होता आणि दगडापलीकडं दुसरं घर. त्यांनी डब्यावर हात ठेवला आणि तसेच बसून राहिले. तेवढ्यात भिंतीपलीकडं बोलणं ऐकू आलं.

"जरा टेका की. एवडं उनाचं कुठं निगालासा?"

रंगूबाई बोलत होती. बोलून ती थांबली. समोरच्यानं उत्तर द्यावं इतका वेळ थांबली.

"व्हय, लय वाढली. माज्या खांद्याच्या वर गेली आता."

पुन्हा थांबली.

"जिवून जावा. पिठलं टाकते."

बनूशी बोलत असेल, असं हिंदुरावांनी मनाला सांगितलं. मग गोठ्याच्या दारातून त्यांना बनू दिसली. धुण्याची बुट्टी डोक्यावर घेऊन ती नदीकडून येत होती.

त्यांनी डबा घाईघाईनं मूळ जागी नेऊन पुरला. हात धुतले तरी बोटं गार वाटत राहिली. एवढ्या उन्हात ते सोप्यात घोंगडं पांघरून बसले.

संध्याकाळी जाईबाई पीठ मळायला बसली. बांगड्या वर सारताना तिच्या मनगटाखाली काळ्या मातीची वाळलेली रेघ दिसली. नखांतही माती होती. शेतात ती त्या दिवशी गेली नव्हती. हिंदुराव बघत राहिले. हळूहळू त्यांच्या छातीवरचा भार उतरला. इतका उतरला की त्यांना हसू आलं.

ते लगेच बोलले नाहीत. चार दिवसांनी जाईबाईच्या भावाचं दुखणं वाढल्याचा निरोप सांगलीहून आला. तिला गाडीत बसवायला ते एसटी स्टँडवर गेले. कराडची गाडी यायला अवकाश होता. दोघं बाकावर बसली.

"आता भाऊ बरा झाल्याबिगर यिऊ नगंस," ते म्हणाले. "आनि तेवडे दिस तरी माज्या गोठ्यात सोन्याला आराम पडू दे."

जाईबाईनं पदर तोंडाला लावला. ती हसते आहे असं त्यांना वाटलं. पण ती रडत होती.

"मीच सरकवत हुते," ती म्हणाली. "काय करू? मागून तुमी दिलं नसतं. देवाला तुमी मानत न्हाई. म्हनलं, भ्याला तर द्याल."

"आगं, मागायचं तरी."

"आवं, रंगू कवा मागती का? तिनं मागितलं असतं तर मी मागितलं असतं."

गाडी आली. ती चढली, खिडकीशी बसली. तिनं बाहेर डोकं काढून विचारलं, "माळ न्हाई, निदान पाटल्या तरी?"

"बगू," हिंदुराव म्हणाले.

घरी येताना त्यांच्या पायांत बळ आलं होतं. भीती गेली होती, आणि तिच्या जागी थोडा रागही आला होता. आपल्या घरात, आपल्या कष्टाचं, तेही आपल्याला भिववून. त्यांनी दुपारीच डबा गोठ्यातून काढला. घरामागच्या परड्यात, भिंतीपासून लांब दुसऱ्या टोकाला, शेवग्याखाली धुण्याची फरशी होती. जुनी, जाड, एकट्यानं हलवायची तर पहारेखाली दगड देऊन उचलावी लागे. त्यांनी ती उचलली, खाली खड्डा घेतला, डबा ठेवला आणि फरशी पुन्हा बसवली. रंगूबाई आणि बनू खालच्या शिवारात भांगलायला गेल्या होत्या. परड्याला दगडी कुंपणाचा उंच गडग होता. त्यांना बघायला एक कावळा होता, तोही थोड्या वेळानं उडून गेला.

मग काही दिवस त्यांचे सुखात गेले. हातानं भाकरी थापायचे, गाईला वैरण घालायचे, सोप्यात पडून राहायचे. पाटल्यांचा विचार मनात यायचा. जाईबाई आल्यावर बघू म्हणायचे. झोपही चांगली लागायची.

त्या दिवशी ऊन फार होतं. हिंदुराव जेवून आडवे झाले होते. हमरस्ता सुद्धा गप्प होता. गाय हंबरली.

तहानेचं हंबरणं वेगळं असतं, वासरासाठीचं वेगळं. हे तसलं नव्हतं. घरचं माणूस बऱ्याच दिवसांनी दारात आलं की जनावर तोंडातल्या तोंडात बारीक आवाज काढतं, तसं होतं. हिंदुराव उठून गोठ्यात गेले. गाय भिंतीकडं तोंड करून उभी होती. कान पुढं केलेले. शेपटी हलत नव्हती. अंगावर माश्या बसल्या होत्या आणि ती त्या उडवत नव्हती. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं वळून पाहिलं नाही. मग तिची मान सावकाश फिरली, भिंतीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं, पलीकडं कुणी चालत गेल्यासारखी. आणि एकदम तिनं शेपटीचा झटका दिला, माश्या उडाल्या, आणि ती खाली मान घालून वैरण खाऊ लागली.

हिंदुराव सरळ परड्यात गेले. फरशी होती तशी होती. कडेनं लाल मुंग्यांनी माती काढून बारीक वरंबा घातला होता, तो फरशीच्या फटीवरून अखंड गेला होता. त्यांनी पहार घातली. मुंग्या सैरावैरा झाल्या. फरशी उचलली गेली.

खाली डबा नव्हता. डब्याच्या बुडाचा गोल ठसा मातीत होता. त्याची कडा इतकी स्वच्छ होती, की डबा सरळ वर उचलून घेतल्यावरच तशी राहिली असती. आजूबाजूला माती भुसभुशीत झालेली नव्हती. त्यांनी ठशात हात ठेवला. मग पहार घेऊन ते गोठ्यात आले, भिंतीचा पाया या टोकापासून त्या टोकापर्यंत उकरला. काही नव्हतं. घामानं डोळे चुरचुरत होते.

"दादा."

ते दचकले. आवाज भिंतीपलीकडून होता.

"दादा, जरा इकडं येता का?"

लग्न होऊन या घरात आल्यापासून रंगूबाईनं त्यांना आपणहून कधी हाक मारली नव्हती. तशी रीतच नव्हती. हिंदुरावांनी पहार भिंतीला टेकवली आणि बोळातून वळसा घेऊन ते तिच्या दारात गेले. भाऊ गेल्यापासून त्यांनी तो उंबरा ओलांडला नव्हता. ज्वारीचं पोतंही बाहेरच्या कट्ट्यावर टाकायचे.

आत अंधार आणि गारवा होता. बनू कुठं दिसली नाही. रंगूबाई मधल्या खांबाला टेकून बसली होती. डोक्यावर पदर होता, पण तोंड झाकलेलं नव्हतं. तिच्यासमोर एक पाट मांडला होता. पाटापुढं पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या होता, आणि पाटाच्या कडेला पितळेचा फिरकीचा डबा.

"हे तुमचंच न्हवं?" ती म्हणाली.

हिंदुराव खाली बसले. त्यांनी डबा उचलला. तारेचा पीळ जसाच्या तसा होता. डब्याला मातीचा कण नव्हता.

"कुठं सापडलं?"

"सापडलं न्हाई. ह्यांनी आनलं."

हिंदुरावांनी डबा खाली ठेवला. रंगूबाईचा आवाज शांत होता, रोजच्या कामाचं सांगावं तसा.

"मी रोज बोलते त्यांच्यासंगं," ती म्हणाली. "तुमाला ऐकू येत असंल, पातळ हाय भिंत. पर त्ये मीच बोलते, दादा. इचारते बी मी आनि ऐकते बी मी. मला कळतंय. मी काय येडी न्हाई. तेवडंच मन लागतंय म्हनून बोलते."

ती थांबली. "आज त्ये बोललं."

हिंदुराव उघड्या दाराकडं बघू लागले.

"आज कामाला गेले न्हवते. आंग मोडून आलं हुतं. बनूला सकाळीच आज्जीकडं लावून दिली. दार उगडंच हुतं. उनाचा डोळा लागला माजा. उगडला तर हितं पाटावर बसल्यालं. म्या पाट मांडला न्हवता. डबा त्यांच्या मांडीवर हुता. त्येच म्हनलं, दादाचा हाय, त्यांना इचारल्याबिगर उगडू नगंस. म्हनलं, लय चाललो."

"कसा..." हिंदुरावांनी विचारलं. "कसा दिसत हुता?"

"दमल्यालं. बाकी काय न्हाई. उनातनं आल्यालं मानूस, म्हनून मी उठले, पान्याचा तांब्या भरून पुढं ठिवला. त्येंनी हात लावला न्हाई. तांब्याकडं बगत ऱ्हायलं. किती येळ बगत ऱ्हायलं. मी म्हनलं, घ्या की. तवा माज्याकडं बगितलं." तिनं हाताच्या पालथ्या बाजूनं कपाळ पुसल्यासारखं केलं. "तवा मला कळलं. पानी पिता येत न्हाई त्यांना."

हिंदुरावांनी पहिल्यांदाच नीट वर पाहिलं. दाराच्या उजेडाची तिरीप तिच्या तोंडावर आली होती. तिच्या कपाळावर कुंकू नव्हतं. तिथली कातडी बाकीच्या चेहऱ्याहून उजळ होती, वर्षानुवर्षं ऊन न लागलेली.

"त्यो साताऱ्याचा कागद आना, दादा," ती म्हणाली. "आंगठा देते."

बाहेर कुठंतरी कोंबडी फडफडली आणि गप्प झाली. हिंदुरावांनी डबा हातानं हळूच पुढं सारला, तिच्या बाजूला, पाटाच्या पलीकडं.

"ह्ये हितंच ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "बनूचं हाय."

रंगूबाईनं डब्याकडं पाहिलं, पण हात लावला नाही. तिची नजर फिरून पुन्हा तांब्यावर येत होती. बोलताना आवाज पहिल्यांदाच हलला.

"ह्या पान्याचं काय करू? मगापासनं बसलीया. वतून टाकवत न्हाई मला."

हिंदुरावांनी पाटाकडं पाहिलं. मग धोतराला हात पुसला आणि दोन्ही हातांनी तांब्या उचलला. तो ओठांना लावून सावकाश, मध्ये न थांबता, ते पाणी पिऊ लागले. रंगूबाई त्यांच्या गळ्याकडं बघत होती. प्रत्येक घोटाला तिचे ओठ थोडे थोडे हलत होते, लहान मुलाला भरवताना आईचे हलतात तसे.